गाडी मागे ठेवून हेब्रिडीज: स्कॉटलंडच्या अनुदानित फेरीबोटी कशा वापराव्यात

ग्लासगो, एडिंबरा किंवा लंडनमध्ये राहणारे मराठी कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, म्हणजे हेब्रिडीजवर, जाण्याचा बेत आखते, तेव्हा आधी राहण्याची जागा ठरते, मग भाड्याची गाडी ठरते आणि फेरीबोटीचे तिकीट किरकोळ बाब म्हणून शेवटी ठेवले जाते. हा क्रम उलटा करावा. खोलीचे पैसे भरून झालेले असतात, गाडीही ठरलेली असते, आणि मग लक्षात येते की त्या आठवड्यातील एकाही बोटीवर गाडीला जागा उरलेली नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना ओबान बंदराच्या धक्क्यावर बसवून, "एखादे आरक्षण रद्द होते का ते पाहू" म्हणत तासन्‌तास ताटकळलेली माणसे माझ्या परिचयात आहेत.

तिकीट स्वस्त असते आणि जागा मात्र मिळत नाही, या दोन्हींचे मूळ एकाच सरकारी अनुदानात आहे. म्हणून आधी भाड्याचा हिशेब समजून घ्यावा. पुढचे निर्णय त्यातूनच सोपे होतात.

भाडे कसे ठरते

हेब्रिडीज आणि क्लाइड खाडीतील बेटांच्या बहुतेक मार्गांवर कॅलमॅक ही सरकारी मालकीची कंपनी बोटी चालवते. बोटी मात्र तिच्या नाहीत. त्या सीमॅल या दुसऱ्या सरकारी कंपनीच्या मालकीच्या असून कॅलमॅक त्या भाड्याने घेते. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या करायच्या आणि भाडे किती घ्यायचे हे स्कॉटिश सरकारच्या वाहतूक खात्याशी झालेल्या करारात ठरलेले असते, आणि तिकिटांतून येणारी रक्कम व प्रत्यक्ष खर्च यांतील तूट सरकार भरून देते. 2007 आणि 2016 साली हा करार निविदा मागवून दिला गेला होता. ऑक्टोबर 2025 पासूनचा दहा वर्षांचा करार निविदेशिवाय थेट कॅलमॅकला देण्यात आला.

भाड्याचे सूत्र 'रोड इक्विव्हॅलंट टॅरिफ', म्हणजे रस्त्याच्या तोडीचे भाडे, या नावाने ओळखले जाते. मुख्य भूमीवरील माणसाला गावाला जायला सरकारने बांधलेला रस्ता मिळतो आणि त्याला केवळ गाडीचा खर्च पडतो. मग बेटावरच्या माणसाला तेवढेच अंतर समुद्रावरून कापण्यासाठी अनेक पट पैसे का पडावेत, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. 1970 च्या दशकात हायलँड्स अँड आयलंड्स डेव्हलपमेंट बोर्डाने तो लावून धरला होता. प्रत्यक्षात यायला त्याला ऑक्टोबर 2008 उजाडले. त्या वेळी वेस्टर्न आइल्स, कॉल आणि टायरी यांच्या मार्गांवर प्रयोग म्हणून ही पद्धत सुरू झाली, 2012 मध्ये ती आयला, कॉलन्से आणि गिगा या बेटांना लागू झाली, 2014 मध्ये आरनला, आणि ऑक्टोबर 2015 पर्यंत उरलेल्या मार्गांनाही.

प्रयोगाच्या वेळचे सूत्र इतके सरळ होते की ते कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक उतारूमागे 2 पौंड स्थिर आकार आणि दर मैलाला 10 पेन्स. प्रत्येक गाडीमागे 5 पौंड स्थिर आकार आणि दर मैलाला 60 पेन्स. दहा मैलांचा मार्ग धरला तर माणशी 3 पौंड आणि गाडीचे 11 पौंड झाले. तीस मैलांच्या मार्गावर माणशी 5 आणि गाडीचे 23. त्यानंतर दर वाढले आहेत, त्यामुळे आजचा आकडा कॅलमॅकच्या संकेतस्थळावरच पाहावा; पण सूत्राचा घाट तोच आहे आणि त्यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गाडीच्या भाड्यात चालकाचे भाडे धरलेले नसते. त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. दुसरी, परतीचे तिकीट एकेरीच्या दुप्पट पडते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे एकत्र काढल्याने पैसे वाचत नाहीत, आणि जाताना एका बंदरातून व येताना दुसऱ्या बंदरातून यायचे असेल तर त्याचा दंडही पडत नाही. तिसरी, आणि परदेशी पाहुण्याला चकित करणारी, गोष्ट अशी की हे भाडे सर्वांना सारखेच आहे. बेटावर जन्मलेल्या मेंढपाळाला जे भाडे तेच पुण्याहून आलेल्या तुमच्या मावशींना.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. बेटांच्या जलवाहतुकीला अनुदान देण्याचे दोन मार्ग असतात: मार्गाला द्यायचे किंवा रहिवाशाला द्यायचे. अंदमान आणि लक्षद्वीपच्या जहाजांवर बेटवासीयांचे भाडे वेगळे आणि बाहेरच्यांचे वेगळे असते, म्हणजे तेथे अनुदान माणूस पाहून दिले जाते. गोव्यात चोडण आणि दिवाडीच्या फेरीबोटीवर पायी आलेल्याला आणि दुचाकीस्वाराला पैसे पडत नाहीत, मग तो दिवाडीचा असो की दादरचा. तेथे अनुदान मार्गाला आहे. 2023 मध्ये तेथे दुचाकींना भाडे लावण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि तो बाजूला ठेवावा लागला. हेब्रिडीजचे धोरण गोव्याच्या जातीचे आहे. ते उदार आहे हे खरे, पण त्याची किंमत बेटवासी वेगळ्या प्रकारे मोजतात: भाडे उतरले की पर्यटकांच्या गाड्या वाढतात, बोटी मात्र तेवढ्याच राहतात. आरनवर हे नवे भाडे लागू झाल्यानंतर गाड्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि रुग्णालयातील तपासणीसाठी मुख्य भूमीवर जायला निघालेल्या रहिवाशाला दोन दिवस आधी जागा मिळेनाशी झाली.

नव्या बोटी वेळेवर आल्या असत्या तर हा ताण कमी झाला असता. 2015 मध्ये ग्लासगोजवळच्या फर्ग्युसन यार्डला दोन बोटींचे काम मिळाले. त्यांतील पहिली, ग्लेन सॅनॉक्स, 2018 मध्ये अपेक्षित होती आणि जानेवारी 2025 मध्ये प्रवाशांना घेऊन निघाली. मधल्या काळात तीस-चाळीस वर्षांच्या बोटींवर भार पडत राहिला. एखादी बोट नादुरुस्त झाली की तिच्या जागी दुसऱ्या मार्गावरची बोट काढून न्यायची, म्हणजे गैरसोय फक्त एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सरकते. जून 2023 मध्ये साउथ यूइस्टच्या लॉखबॉइसडेल बंदराची सेवा अशीच जवळजवळ महिनाभर बंद ठेवण्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांनी गाड्यांची रांग काढून धक्क्यावर निषेध केला होता.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: शक्य तेथे गाडी मुख्य भूमीवर ठेवावी आणि बोटीवर पायी चढावे. बोटीवर अपुरी असते ती गाड्यांच्या डेकवरची जागा. माणसांना जागा क्वचितच कमी पडते. वरच्या सूत्राने पाहिले तर दहा मैलांच्या मार्गावर दोघांचा जाऊन-येऊन खर्च पायी 12 पौंड आणि गाडीसह 34 पौंड होतो. शिवाय तुम्ही सोडलेली डेकवरची जागा एखाद्या बेटवासीयाच्या कामी येते.

पायी जाण्याचा एक मार्ग

उदाहरण म्हणून ग्लासगोहून मल बेटावर आणि तेथून आयोनाला जाण्याचा मार्ग घेऊ. आयोना म्हणजे 563 साली आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने जेथे मठ स्थापला ते बेट. पाहुण्यांच्या गाड्या तेथे परवान्याशिवाय नेताच येत नाहीत, त्यामुळे गाडी घेऊन निघालेल्यालाही शेवटी ती मलच्या टोकाला ठेवावीच लागते.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावरून ओबानची गाडी सुमारे तीन तास घेते. या रेल्वेत चढताना एक खबरदारी घ्यावी. क्रियनलॅरिख स्थानकावर तिचे दोन भाग होतात. काही डबे ओबानला जातात आणि उरलेले फोर्ट विल्यमवरून मॅलेगला. चुकीच्या डब्यात बसलेल्याला तेथे सामान घेऊन पळावे लागते, तेव्हा ग्लासगोतच डब्यावरची पाटी वाचावी. ओबानचे स्थानक बोटीच्या धक्क्याला लागूनच आहे. चाकांची बॅग ओढत पाच मिनिटांत पोचता येते.

ओबान ते क्रेगन्युर हा पाऊण-एक तासाचा प्रवास आहे. पायी उतारूंनी तिकीट आधी काढून ठेवावे आणि तिकिटावर दिलेल्या वेळेच्या आत धक्क्यावर हजर व्हावे. बोट सुटण्याच्या काही मिनिटे आधी चढण्याचा मार्ग बंद करतात आणि मग बोट समोर दिसत असूनही उपयोग नसतो. पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे आहे, आणि सायकलीला वेगळे पैसे पडत नाहीत. सायकल चालवणाऱ्यांना याहून स्वस्त समुद्रप्रवास युरोपात शोधून सापडणे कठीण.

क्रेगन्युरला बोट लागते तेव्हा बस धक्क्याजवळ उभी असते: एक टोबरमोरीला जाणारी, दुसरी फिनफर्टला. फिनफर्टची बस दिवसातून मोजक्याच वेळा असते आणि एकेरी रस्त्यावरून सव्वा तास घेते, त्यामुळे येथे बोटीचे नव्हे, बसचे वेळापत्रक आधी पाहावे आणि त्याला जुळणारी बोट निवडावी. हाही प्रवास सरकारी सवलतीत बसतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या साठीपुढच्या आणि बावीस वर्षांखालील व्यक्तींना कार्ड दाखवल्यावर बस मोफत आहे. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना ते कार्ड मिळत नाही, त्यांचे तिकीट काढावे लागते. नातवंडे मात्र मोफत बसतात, आणि त्याचा थोडा रागही आजोबांना येतो.

फिनफर्टहून आयोनाची बोट दहा मिनिटांची आहे. तिला आरक्षण लागत नाही. ही बोट पाहिली की कोकणातल्या माणसाला दाभोळच्या खाडीतील जंगलजेट्टीची आठवण होते: धक्का म्हणून केवळ पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार, बोट पुढचे लोखंडी फळकूट त्यावर टेकवते आणि माणसे सरळ चालत आत जातात. उतारावर शेवाळ असते आणि लाट आली की घोट्यापर्यंत पाणी येते, म्हणून चप्पल घालू नये आणि साडी थोडी वर खोचावी. सोबत चढणाऱ्या सामानाकडे लक्ष द्यावे: पावाच्या पेट्या, गॅसची सिलिंडरे, टपालाच्या पिशव्या, कोणाचे तरी धुलाईयंत्र. बेटावरचे दुकान, शाळा आणि घरे याच फळकुटावरून चालतात, आणि अनुदान कशासाठी आहे हे तेथे उभे राहून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

गाडी न्यावीच लागणार असेल तर

काही ठिकाणी गाडीवाचून खरोखर अडते. वेस्टर्न आइल्समधील लुइस आणि हॅरिसमध्ये अंतरे मोठी आहेत, बसफेऱ्या कमी आहेत आणि सोबत गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी असू शकतात. अशा वेळी पुढील पद्धतीने जावे.

कॅलमॅकचे उन्हाळी वेळापत्रक मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर चालते आणि त्याचे आरक्षण काही महिने आधी खुले होते. ते खुले होण्याची तारीख पाहून ठेवावी, आधी बोट ठरवावी आणि मगच खोलीचे पैसे भरावेत. शुक्रवार-शनिवार टाळून मंगळवार-बुधवार धरले, आणि सकाळच्या पहिल्या किंवा रात्रीच्या शेवटच्या बोटीची तयारी ठेवली, तर जागा मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. काही मार्गांवर डेकवरची थोडी जागा बेटवासीयांच्या तातडीच्या प्रवासासाठी राखून ठेवण्याचा प्रयोग 2023 पासून मल, कॉल आणि टायरीच्या मार्गांवर झाला आहे. त्यामुळे बोटीवर मोकळी दिसलेली प्रत्येक जागा पर्यटकाला मिळायला हवी होती असे समजू नये.

गाडीची लांबी खरी लिहावी. माझ्या पहिल्या प्रवासात मी गाडीच्या माहितीपत्रकातली लांबी लिहिली आणि मागे सायकली टांगण्याचा सांगाडा बसवला आहे हे विसरलो. धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याने टेप लावली, मान हलवली आणि मला रांगेतून बाजूला काढले. बोट भरल्यावर एक कोपरा उरला म्हणून मी चढलो, नाहीतर ती रात्र गाडीतच गेली असती. डेकवर गाड्या वीतभर अंतराने लावतात. तेथे अर्धा मीटर ही मोठी गोष्ट आहे.

आरक्षण मिळालेच नाही तर आडवाटेचा विचार करावा. मलला जायला ओबानखेरीज लॉखॅलिन ते फिश्निश हा छोटा मार्ग आहे, त्यावर आरक्षण नसते, जो आधी रांगेत लागला तो आधी जातो. तेथे पोचायला मॉर्व्हर्नच्या निर्मनुष्य रस्त्याने मोठा वळसा पडतो आणि बहुतेकांना वाटेत कॉरनची वेगळी फेरीही घ्यावी लागते, परंतु ओबानला दिवस घालवण्यापेक्षा तो वळसा बरा. रम, एग, मक आणि कॅना या चार छोट्या बेटांवर मात्र पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. तेथे जायला मॅलेगहून पायीच बोटीत चढावे.

स्टॉर्नोवेला जाणाऱ्यांनी रविवारचा वेगळा विचार करावा. लुइसवर रविवार हा प्रार्थनेचा दिवस म्हणून काटेकोरपणे पाळला जाई आणि अलापूलहून स्टॉर्नोवेला रविवारची बोट जुलै 2009 मध्ये प्रथमच सुरू झाली. आजही त्या दिवशी बसफेऱ्या आणि उघडी दुकाने यांवर भिस्त ठेवू नये. शिधा शनिवारीच भरून घ्यावा.

जेथे हे भाडे लागू नाही

नकाशात दिसणारी प्रत्येक फेरी अनुदानित असते असे नाही, आणि येथे अंदाज चुकतात. गुरॉकजवळून डनूनकडे गाड्या नेणारी वेस्टर्न फेरीज ही खासगी कंपनी आहे. तिचे दर तिचे स्वतःचे. त्याच पट्ट्यात कॅलमॅकची गुरॉक-डनून बोट फक्त पायी उतारूंना घेते. ऑर्कनीला जाताना स्क्रॅब्स्टर ते स्ट्रॉमनेस ही बोट सरकारी कराराखाली नॉर्थलिंक चालवते, तर थोड्या पूर्वेला गिल्स बे येथून पेंटलंड फेरीज ही खासगी कंपनी अनुदानाशिवाय धावते. या दोघींची तुलना केल्याशिवाय तिकीट काढू नये. ऑर्कनी आणि शेटलंडच्या अंतर्गत बेटांमधील बोटी तेथील स्थानिक परिषदा चालवतात, कॉरनची फेरी हायलँड परिषदेची आहे, आणि त्यांची दरपत्रके वेगवेगळी आहेत.

अवजड वाहनांबाबतही हे भाडे सरसकट नाही. प्रयोगाच्या काळात ते मालवाहू ट्रकांनाही मिळत असे. 2012 मध्ये मोठ्या व्यापारी वाहनांची ती सवलत काढून घेतली गेली आणि बेटांवरच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बराच आवाज उठवला. कारवाँ किंवा मोठी मोटारहोम घेऊन जाणाऱ्यांनी म्हणूनच आपल्या वाहनाचा दर स्वतंत्रपणे तपासावा.

बेटावर राहायला गेलेल्यांसाठी

रुग्णालयात, शाळेत किंवा मत्स्यपालन उद्योगात नोकरी लागून कोणी बेटावर राहायला गेले, तर वरच्या सर्वसाधारण भाड्याखेरीज आणखी काही सवलती मिळतात आणि त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. वेस्टर्न आइल्स, ऑर्कनी आणि शेटलंड येथील साठीपुढच्या तसेच अपंग रहिवाशांना वर्षातून दोन वेळा मुख्य भूमीवर जाऊन-येऊन बोटीचा प्रवास मोफत मिळतो. त्यासाठी राष्ट्रीय सवलत कार्ड काढावे लागते. विमानासाठी 2006 पासून वेगळी योजना आहे, तिच्यात पात्र रहिवाशांना मूळ भाड्यावर निम्मी सूट मिळते. मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात उपचारासाठी जावे लागले तर प्रवासखर्चाची भरपाई मागता येते. त्यासाठी भेटीचे पत्र आणि तिकिटे जपून ठेवावीत. या सर्वांसाठी मुख्य वास्तव्य बेटावर असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा घरपट्टीचे पत्र किंवा भाडेकरार स्वतःच्या नावावर आल्या आल्या अर्ज भरून टाकावा.

फेरी रद्द झाली तर

ऑक्टोबरनंतर वारा ही रोजची बाब होते, आणि उन्हाळ्यातही यंत्रातील बिघाडाने फेऱ्या रद्द होतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी कॅलमॅकच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर आपल्या मार्गाची स्थिती पाहावी. आरक्षण करताना मोबाइल क्रमांक अचूक द्यावा, कारण रद्द झाल्याची सूचना त्यावर येते. भारतातील क्रमांक दिलेल्या पाहुण्यांना ती कळत नाही आणि ते रिकाम्या धक्क्यावर येऊन उभे राहतात. कंपनीने फेरी रद्द केली तर दुसऱ्या फेरीवर जागा किंवा पैसे परत, यांपैकी एक मागता येते. हॉटेलचे बुडालेले पैसे मात्र त्यात येत नाहीत, त्यासाठी प्रवासविमा आधीच घेतलेला असावा. आणि परतीच्या बोटीनंतर त्याच दिवशीचे लंडनचे किंवा मुंबईचे विमान कधीही ठरवू नये. मध्ये मोकळ्या रात्री ठेवाव्यात, उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दोन.